यांच्या पोटावरचं यकृत

तुमच्या यजमानांचं यकृत कोणत्या बाजूला आहे, ते तुम्ही न चुकता सांगू शकाल का? मलाही सांगता येत नव्हतं. सगळं रामायण त्यातूनच झालं.

महिला मंडळाने प्रथमोपचाराचा वर्ग काढला आणि मॅट्रिकनंतर पहिल्यांदाच मी परीक्षेला बसणार होते. पट्ट्या बांधणं जमलं. पण शरीरातले अवयव काही डोक्यात राहीनात. शिकवणाऱ्या लतिका सिस्टर म्हणायच्या, "नुसतं घोकू नका, माणसावर बघा." आमच्या घरी बघण्यासारखा माणूस एकच. त्यात रविवारी पातोडीचा रस्सा पोटात गेला, की यांना ढोल वाजवूनही जाग येत नाही.

त्या रविवारी हे उघडेच पलंगावर पसरले होते. मी समोर पुस्तक उघडून बसले, काडीला कापूस गुंडाळला आणि तोंड आलं की लावतो ते जांभळं औषध घेतलं. (पेन्सिल टोचेल म्हणून. माझी काळजीच माझा घात करते.) पुस्तकात होतं, यकृत उजव्या बाजूस. उजवा म्हणजे जेवायचा हात. मी माझा जेवायचा हात बघितला आणि त्या बाजूला यकृत काढलं. आतड्याची वेटोळी तर इतकी सुबक आली, की रांगोळीचा हात अजून गेला नाही याचं बरं वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या पार्वतीबाई विरजण मागायला आल्या. त्यांच्या हातची वाटीच पडली.

"अगं माय! भाऊजीले नागीण निघाली वं!"

"नाही हो, ते आतडं आहे."

"आतडं बाहेर आलं?"

वाटीने नाही, पण त्या किंकाळीने हे उठले.

"पाह्य ना, तोंड अन् शेपटी भिडून राहिली! भिडली का माणूस खलास!" म्हणत पार्वतीबाई गेरू आणायला धावल्या.

यांनी पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काहून वं? उद्या कंपनीची मेडिकल आहे ना माझी!"

हिंगण्याच्या कारखान्यात हे इतकी वर्षं टेम्पररी. उद्या डॉक्टरांनी 'फिट' लिहिलं तरच पर्मनंट. आणि मी नेमकं तेच पोट रंगवून ठेवलं होतं!

साबण लावला, बेसन लावलं, संत्र्याची साल घासली. शेवटी पाय घासायची वजरी घेतली.

"पुसून राहिली का सोलून राहिली?" हे ओरडले.

पोट लाल झालं. आतडं जांभळं ते जांभळंच. वर पार्वतीबाईंनी गेरूचा लेप थापलाच. "हासू नका भाऊजी, आमच्या देवरावची यानंच उतरली."

हसत कोण होतं? माझ्या पोटात गोळा आला होता (कोणत्या अवयवात, ते विचारू नका). नवऱ्याची नोकरी चित्रकलेपायी गेली, हे माहेरी कोणत्या तोंडाने सांगणार?

"डॉक्टरले सांगू काय मी?"

"सांगा, बायको शिकते आहे."

"तू शीक. मी बसतो घरी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी यांना 'फिट' लिहून दिलं, आणि पोटावरच्या माझ्या यकृतावर लाल शाईची फुली मारून, पलीकडच्या बाजूला बाण काढून घरी पाठवलं.