म्हातारा उठून राह्यला

मूल गावात आमच्या शेजारच्या डोमाजीभाऊंकडे काम असेल तर घरून जेवूनच निघावं. ते कॉम्प्युटरचं बटन दाबतात, ओठांवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "दम धरा. म्हातारा उठून राह्यला."

म्हातारा म्हणजे पोट सुटलेला मॉनिटर आणि खाली एक डबा, जो इतका घरघरतो की मांजरही त्या खोलीत फिरकत नाही. यावर भाऊ झाडीपट्टीतल्या नाटकांची पत्रकं तयार करतात. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत नाटकवाले ओट्यावर ताटकळतात. गेल्या वर्षी एका खलनायकाने तिथेच झोप काढली. दुसरा एक नवखा नट "आजोबांना बरं वाटू दे" म्हणून केळी ठेवून गेला. ती भाऊंनी खाल्ली.

भाऊंच्या नागपूरच्या मुलाने लॅपटॉप पाठवला. भाऊंनी खोका न उघडताच मॉनिटरखाली सरकवला. "मान दुखे माही. आता बराबर झालं." मग मुलाने फोनवर ठणकावलं, रविवारी येतो आणि तो डबा भंगारात देतो. त्या दिवसापासून भाऊ कोणाशी धड बोलेनात.

शनिवारी मी समजवायला गेलो. माझ्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका त्या डब्यापायी अडकली होती, म्हणून एवढी कळकळ.

"भाऊ, हा फार स्लो झाला."

"स्लो काऊन? पयले मी घरी आलो का तयारच राहे."

मी बटनाकडे हात नेला तर त्यांनी मनगटच धरलं. "टिकलीले धक्का नोका लावू."

बटनावर लाल टिकली होती, रंग उडालेली. मला वाटलं, हा आणखी एक चाळा.

"तिनं लावली. तिले कोणतं बटन दाबाचं ते समजे नाई." वहिनींना जाऊन वर्ष झालं होतं. "माही लुना गल्लीच्या मोडावर वाजली का ती चुलीपासून उठून टिकली दाबे. मी हातपाय धुवून येवो तवरी हा उठून राहे. ती गेल्यावर समजलं, हा पयलेपासूनच एवढा वेळ घेते. मले वाटे, मशीनच चांगली हाय."

मला पत्रिकेची आठवण राहिली नाही. फार वाईट वाटलं.

रविवारी मुलगा आला. भाऊ बाजारात होते. तो वायर काढायला वाकला, तेवढ्यात मोडावर भाऊंची लुना वाजली. मी त्याला बाजूला सारून टिकली दाबली.

भाऊ हातपाय धुवून आत आले तेव्हा पडदा उजळलेला होता.  ते मुलाला म्हणाले, "पाहून घे. काई स्लो नाई."