आधी हार, मग भंगार

इमारतीच्या सचिवांना आपल्या लेखणीचा भारी अभिमान. सूचनाफलकावर त्यांचा कागद लागला की तो एकटाकी, एकसलग, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नसलेला. "परिच्छेद पाडायचे ते शाळकरी मुलांनी," ते बायकोला सांगत. "आमचं लिखाण नदीसारखं वाहतं."

त्या आठवड्यात सांगण्यासारखं बरंच होतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका पंचाहत्तरीचे होत होते. तळघरातले पाण्याचे जुने पंप काढायचे होते, आणि त्यापायी रविवारी नळाला पाणी नव्हतं. सचिवांनी एका बैठकीत नदी वाहवली:

'तळघरातील पंप बदलावयाचे असून रविवारी पाणी येणार नाही व त्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे काका पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. काकांनी या इमारतीची खूप सेवा केली. परंतु आता ते गंजले आहेत, रात्रभर घरघर करतात व कितीही दुरुस्ती केली तरी उपयोग होत नाही. सबब सकाळी गच्चीवर हार घालण्याचा कार्यक्रम होईल व लगेच त्यांना भंगारात देण्यात येईल. सर्वांनी अगत्य यावे.'

कागद डकवून सचिव कामावर गेले. संध्याकाळी परतले, तर तळमजल्यावरच्या शिंपीणबाई जिन्यात वाट अडवून उभ्या.

"घरच्यांना विचारलंत का तरी?"

सचिवांना वाटलं, पंपांचंच चाललंय. "त्यात विचारायचं काय? जुनं झालं की काढायचं. वजनावर भावही बरा मिळतोय."

शिंपीणबाई पायरीवर मटकन बसल्या.

वर काकांचं दार सताड उघडं होतं. काका बॅगेत मोजे कोंबत होते आणि सूनबाई डोळ्यांना पदर लावून एकेक मोजा परत काढत होत्या.

"ये," काका म्हणाले. "मी लेकीकडे चाललोय. घोरतो हे मला ठाऊक आहे रे, पण ते पार फलकावर लावायचं?"

"काका, ते तुम्ही नाही. ते म्हणजे ते."

"कोण ते?"

"तळघरातले. म्हणजे हार ते तुम्ही आणि भंगार ते ते. सेवा तुमची, घरघर त्यांची."

सूनबाईंनी हुंदका दिला. एवढ्यात सचिवांची बायको फलकावरचा कागद काढून घेऊन वर आली. तिने काकांसमोर बसून त्यावर पेन्सिलीने दोन आडव्या रेघा मारल्या.

"अहो, एका परिच्छेदात एकच विषय घ्यावा माणसाने. आणि कोणाबद्दल बोलतोय ते पहिल्याच वाक्यात सांगावं. मग पुढे खुशाल 'ते' म्हणा."

तिने वाक्यं ज्याच्या त्याच्या जागी लावून वाचून दाखवली. आधी काका आणि हार. मग पंप, गंज नि भंगार. शेवटी पाणी. काका कान देऊन ऐकत होते. पंपांपाशी आल्यावर त्यांना असं हसू फुटलं की त्यांना कवळी हातात धरावी लागली.

"म्हणजे मला नुसता हारच? सूनबाई, मोजे ठेव कपाटात."

सचिवांनी तिथेच बसून नवा कागद लिहिला. तीन परिच्छेद, मध्ये मोकळी जागा. फलकापाशी जो तो थांबून "काय सुरेख लिहिलंय" म्हणू लागला. सचिवही जाता-येता थांबून स्वतःचंच लिखाण वाचत आणि तरंगत पुढे जात.

रविवारी सकाळी त्यांनी गालांना साबण फासला आणि नळ सोडला. नळाने नुसता उसासा टाकला.

"अगं, पाणी कुठे गेलं?"

"तिसरा परिच्छेद," बायको आतून म्हणाली. "वाचला नाहीत?"

लिहिला होता त्यांनीच, वाचला मात्र नव्हता. काकांवरचा पहिलाच असा झकास उतरला होता की दर वेळी तेवढाच वाचून ते खूश व्हायचे. टॉवेलने तोंड खसाखसा पुसून ते गच्चीवर गेले आणि तिथे त्यांना जरा बरं वाटलं. हार घेऊन उभ्या असलेल्या निम्म्या पुरुषमंडळींच्या कानामागे साबण होता.