हायब्रीड रिजेक्ट

माझे आबा कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की आधी तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करतात, मग कान लावतात, मग डोळे मिटून जरा थांबतात आणि मग सांगतात, "पास." नाहीतर, "रिजेक्ट." तिसरा शब्द नाही. भरताचं वांगं असो, पाण्याचा माठ असो, दाराची फळी असो. वरणगावच्या बाजारात वांगेवाल्या बायांनी आबांना लांबून पाहिलं की त्या टोपलीवर फडकंच टाकतात, कारण एक किलो वांग्यासाठी हा माणूस चाळीस वांगी वाजवतो.

सगळी नोकरी कारखान्यात तपासणी खात्यात गेली ना, त्याचं हे. आबा रिटायर झाले, पण त्यांच्या हाताला ते कुणी सांगितलंच नाही. माझ्या लग्नाच्या वेळी पाहुणे मला पाहायला आले आणि आबांनी मुलगाच तपासला. हे आपले पोहे खाऊ राहिले होते, आबा गुपचूप मागून गेले आणि यांच्या पाठीवर टकटक. यांच्या घशात पोहे अडकले, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, आणि आबा पाठीला कान लावून उभे. म्हणे, "छाती मोकळी आहे. पास." असं माझं लग्न ठरलं आणि मी धुळ्याला आले.

आता दुसरी गोष्ट ऐका, ती याच्यापेक्षा अवघड आहे. आबा लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. जुन्या लोकांत असतं तसं, कन्यादान केलं, आता त्या घरचं घ्यायचं नाही. पण दुसऱ्यांचे वडील निदान घरात येऊन बसतात तरी. आबा फाटकाच्या आत पाय टाकत नाहीत. त्यांचा हिशोब असा, "आत आलं की पाणी येतं. पाणी आलं की नाही म्हणा लागतं. नाही म्हटलं की तुह्या सासूचं तोंड उतरतं. मग आत यायचंच कायले?" झालं! लग्नाला पाच वर्षं होईपर्यंत आबा माझ्या घरात एकदाही बसले नव्हते. माझ्या लेकीच्या, चिमीच्या बारशाला ते फाटकाबाहेर उन्हात उभे होते, पाळणा खिडकीतून ऐकला. मग मी बाळ बाहेर नेलं, आबांनी तिच्या तळव्यावर हळूच टकटक केली, इतकी हळू की ती जागीसुद्धा झाली नाही, आणि म्हणाले, "पास."

एकदा तर फाटकाशी उभं असताना त्यांना उचकी लागली. आमच्या सासूबाई, त्यांना सगळे अक्का म्हणतात, तांब्या घेऊन धावल्या. आबांनी हात जोडले, शेजारच्या ओट्यावर गेले आणि शेजारणीकडून पाणी मागून प्यायले. अक्का फाटकात तांब्या घेऊन तशाच. मला म्हणाल्या, "आमना घरना पानीमा किडा शेतस का वं? बठ्ठी गल्ली देखी ऱ्हायनी!" पाण्यात किडे नाहीत आणि सगळी गल्ली पाहू राहिली, हे मलाही दिसत होतं, पण मी काय सांगू? मी आबांना म्हटलं तर आबा म्हणे, "शेजारीण काय माही लेक आहे?"

आई होती तोवर आई यायची, राहायची, खायची, प्यायची. आई गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आबा वरणगावला एकटे. रोज संध्याकाळी फोन, "काय करू ऱ्हायली?" मी म्हणते, "भाकरी." ते म्हणतात, "बरं." आणि ठेवून देतात.

तर अशा या माणसानं मागच्या वर्षी ठरवलं की जुनी गाडी काढायची आणि मोठी फॅमिली गाडी घ्यायची. मी म्हटलं, "आबा, तुम्ही एकटे, मोठी गाडी कशाला?" तर म्हणे, "तुम्ही तिघं, तुही सासू अन् मी. मागं वांगी." आता प्रश्न असा पडला की हायब्रीड घ्यायची का इलेक्ट्रिक. आमच्या यांनी, म्हणजे चिमीच्या बाबांनी, मला समजावून सांगितलं की हायब्रीड म्हणजे पेट्रोलपण आणि बॅटरीपण, तिला प्लग लावायचा नसतो, आणि इलेक्ट्रिक म्हणजे नुसता करंट. मी नववीपर्यंत शिकलेली बाई, मला करंटची इतकी भीती की मी मिक्सरचं बटणसुद्धा लाटण्यानं दाबते, पायात रबरी चप्पल घालून, डोळे मिटून. अक्का हसतात, हसू देत. मी आबांच्या हातापाया पडले, म्हटलं आबा, पावसात ती गाडी अंगावर आली तर, चिमीनं हात लावला तर, तुम्ही हायवेला एकटे अडकलात तर, पेट्रोलवाली घ्या.

आबा म्हणाले, "टेस्ट केल्याशिवाय मी बोलत नाही."

आणि टेस्ट म्हणजे काय? जळगावच्या शोरूममध्ये एक चौधरी म्हणून होते, पन्नाशीचे, पोट सुटलेले, गरीब माणूस. त्यांना वाटलं गाडी चौकापर्यंत जाईल आणि वळून येईल. आबांनी ती एरंडोल, पारोळा, फागणे करत थेट धुळ्याला आणली! मी चिमीला वरण-भात भरवू राहिले होते, बाहेर हॉर्न वाजला, पाहते तर फाटकासमोर ही भली मोठी पांढरी गाडी, आत आबा, आणि बाजूला चौधरी, घामाघूम, फोनवर कुणाला तरी सांगू राहिलेले, "अहो धुळ्याला! मला काय माहीत कशाला!"

मग काय झालं, चौधरींना अक्कांनी घरात बोलावलं. त्यांना पाणी दिलं, चहा दिला, शेवभाजी वाढली, त्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला आणि पंख्याखाली खाटेवर आडवे झाले. आणि माझे सख्खे वडील बाहेर रस्त्यावर उभे राहून बॉनेट वाजवू राहिलेले! मग मागच्या सीटवर स्वतः झोपून पाहिलं. चिमीला बसवून पाहिलं, तिनं लगेच सीट ओली केली. आबांनी पुसून पाहिलं, म्हणे, "आत मुरत नाही. पास." पण गाडी रिजेक्ट. का, तर, "हिच्यात दोन मनं आहेत. घडीत बॅटरी, घडीत पेट्रोल. अशा नवऱ्याले मी पोरगी दिली नसती."

पुढच्या आठवड्यात दुसरी हायब्रीड, परत धुळे. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरी. चौधरींना आता आमचं घर पाठ झालं होतं, चिमी त्यांना मामा म्हणायला लागली, अक्का त्यांच्यासाठी कळण्याची भाकरी करून ठेवायच्या. आबा बाहेरून खिडकीतून पाहायचे, चौधरी जेवतात, चौधरींच्या मांडीवर चिमी. एकदा फक्त म्हणाले, "ह्या चौधरीले बरं आहे."

शेवटी यांनी आणि चौधरींनी मिळून फाटकाशी आबांना धरलं. चौधरी म्हणाले, "आबा, डोळे मिटून हायब्रीड घ्या. वरणगाव ते धुळे जाऊन-येऊन कुठं थांबायचं काम नाही."

आबांनी विचारलं, "थांबाच लागत नाही?"

"अजिबात नाही!"

"रिजेक्ट."

चौधरींनी कपाळाला हात लावला. म्हणाले, बरं, मग इलेक्ट्रिक, मोठ्या बॅटरीची. "ही पण एका चार्जिंगमध्ये जाऊन-येऊन, कुठंही न थांबता."

"रिजेक्ट."

मला तर रडू यायला लागलं, म्हटलं आबांचं डोकं फिरलं, एकटं राहून राहून फिरलं. चौधरीही रडकुंडीला आले. म्हणाले, "आता एकच राहिली, छोट्या बॅटरीची. पण ती मी तुम्हाला देणार नाही. ती धुळ्याला आरामात येईल, पण परत जाताना एरंडोलला दम टाकेल."

"मग?"

"मग काय, तुम्हाला इथं पोरीकडं प्लगला लावून चार-पाच तास बसावं लागेल."

आबांनी बॉनेटवर टकटकसुद्धा केली नाही. म्हणाले, "पास."

"अहो आबा, त्यापेक्षा पारोळ्याला फास्ट चार्जर आहे, पाऊण तासात—"

"घाईत भरलेलं मले चालत नाही."

गाडी यायच्या आधीच आबांनी वरणगावहून वायरमन पाठवून आमच्या पडवीत मोठा प्लग बसवून घेतला. आणि ज्या दिवशी गाडी आली त्या दिवशी कळलं की तिची वायर फाटकापर्यंत पुरत नाही. अक्कांनी फाटक सताड उघडलं. यांनी गाडी आत घेतली. आणि गाडीच्या मागोमाग, पाच वर्षांनी, माझे आबा आत आले. चपला बाहेर काढल्या, पडवीत प्लगच्या बाजूला खुर्चीवर बसले. मी चिमीला प्लगपासून मागं ओढू राहिले होते, तर आबा म्हणे, "मी हाये ना मधी बसेल." अक्का सवयीनं तांब्या घेऊन आल्याच. आबांनी हात जोडले, गाडीकडं बोट दाखवलं. "मी नाही पीत. पण माही गाडी पिऊ ऱ्हायली ना तुमच्या घरचं." अक्का इतक्या हसल्या की तांब्यातलं पाणी त्यांच्याच लुगड्यावर सांडलं.

अकरा वाजता लावलेली गाडी. आबांनी त्यांचा डबा त्यांच्याच पाण्यासोबत खाल्ला. चिमी त्यांच्या अंगावर चढली, मिशी ओढली, मग त्यांच्या छातीवर झोपून गेली. एक वाजला, तीन वाजले, साडेचार झाले. मी आतून पोळ्या लाटता लाटता विचारायची, "आबा, झाली का हो?" आबा म्हणायचे, "लई बाकी आहे."

पाच वाजता मी काळजीनं बाहेर आले, म्हटलं अंधारात हायवेनं जातील कसे. आबा डोळे मिटून बसलेले, चिमीच्या पाठीवर बोटानं हळू टकटक करत. मी प्लगकडं पाहिलं. तिथला लाल दिवा बंद होता. बटण वरच्या बाजूला होतं, म्हणजे कुणीतरी हातानं बंद केलेलं. करंट कधीच थांबलेला, गाडी नुसती उभी.

"आबा," मी म्हटलं, "किती राहिलं?"

डोळे न उघडता म्हणाले, "लई."

लाटणं माझ्या हातातच होतं. पण मी बटणाला ते लावलं नाही. मला करंटची भीती वाटते, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.