गवताचे पातेही बदललेले नाही

सप्टेंबर लागला की विल्मार बेन्तांकोर आपले मागच्या वर्षीचे परीक्षण उघडायचा, सालाचा आकडा बदलायचा, दोन विशेषणांची अदलाबदल करायचा आणि जेवायला जायचा. मोन्तेविदेओच्या एका दैनिकात तो व्हिडिओ गेमचे सदर लिहीत असे आणि दर सप्टेंबरला येणारा फुटबॉलचा गेम हा त्या सदराचा सण होता. गुण ठरलेले, दहापैकी आठ. शेवटचे वाक्यही ठरलेले: 'ज्यांना आवडतो त्यांना आवडेल.'

यंदा मात्र संपादक नोर्माबाईंनी त्याला आपल्या टेबलाशी बोलावले. टेबलावर त्याची जुनी परीक्षणे ओळीने मांडलेली होती. वरच्या तारखा कात्रीने उडवलेल्या.

"यातलं गेल्या वर्षीचं कोणतं, ते दाखव."

विल्मारने बराच वेळ निरखून एकावर बोट ठेवले.

"ते तू नोकरीला लागलास तेव्हाचं," नोर्माबाई म्हणाल्या. "कंपनी तोच माल नव्या वेष्टनात विकते म्हणून तू तिला दर वर्षी टोचतोस. आणि तू काय करतोस रे?"

"मी विशेषणं बदलतो."

"माद्रिदहून तयार परीक्षणं मिळतात. वरच्या मजल्यावर मालकांचं ती घ्यायचंच चाललंय. या वेळी ठाम काहीतरी लिही. चांगलं म्हण, वाईट म्हण, पण म्हण. नाहीतर तुझ्या जागी मी राशिभविष्य टाकणार."

"राशिभविष्य आहे की आपल्याकडे."

"मोठं करू."

विल्मार घरी निघाला तो हे सदर वाचवायचेच असे ठरवून. बाजारात यायच्या आधी परीक्षकांना गेमची जी तबकडी मिळते ती त्याच दिवशी कुरिअरने घरी येऊन पडली होती. कोरी पांढरी तबकडी, कोरे पांढरे पाकीट आणि सोबत ताकीद: गुरुवारच्या सकाळपर्यंत कोणालाही दाखवू नये. कुरिअर घेतले होते सासऱ्याने. सासरेबुवा, म्हणजे लीबेर, रोज दुपारी काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात यर्बाच्या कडू चहाचा पेला घेऊन लेकीच्या घरी यायचे आणि ती कामावरून येईपर्यंत जावयाच्या यंत्रावर गेल्या वर्षीचा गेम खेळत बसायचे.

लीबेर तरुणपणी वस्तीतल्या मोलिनो देल आर्रोयो या क्लबाचे गोलरक्षक होते. आता तिथले दार उघडण्यापासून जर्सी वाळत घालण्यापर्यंत सगळे तेच पाहत. गेममध्ये जगभरचे क्लब होते, मोलिनो नव्हता. म्हणून विल्मार दर वर्षी परीक्षणात एक वाक्य घालायचा: 'मोलिनो देल आर्रोयो यंदाही नाही.' लीबेर तेवढे वाक्य कापून क्लबाच्या कँटीनमध्ये चिकटवायचे. जावई पेपरात आणखी काय लिहितो याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती.

त्या संध्याकाळी विल्मारने पाकिटातून तबकडी काढून यंत्रात सारली. सुरुवातीचे संगीत, सूचना, कंपनीचे बोधचिन्ह, हे सगळे त्याच्या अंगठ्याने सवयीने पुढे ढकलले. पहिला सामना सुरू झाला आणि तो सावरून बसला. तेच मैदान, तीच हिरवळ, कॉर्नरजवळचा तोच खरवडलेला तुकडा. प्रेक्षकांत लाल टोपीचा माणूस गेल्या वर्षी जिथे उभा राहून टाळ्या वाजवत होता तिथेच उभा राहून वाजवत होता.

"मिर्ता, इकडे ये," त्याने बायकोला हाक मारली. "हा आघाडीचा खेळाडू बघ. ऑगस्टमध्येच अरबांच्या क्लबाकडे गेला ना? इथे अजून स्पेनमध्ये."

"त्याला कोणी कळवलं नसेल," मिर्ता स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आणि समालोचक तोच विनोद करतोय, त्या पंचाच्या चष्म्याचा."

"तो तूही दर ख्रिसमसला करतोस."

विल्मारचा संताप चढत गेला, आणि संतापाबरोबर लेखणीही. एकच गोष्ट त्याला भावली. सासरेबुवांनी वर्षभर खेळून जमवलेली कारकीर्द, जिंकलेल्या चषकांसकट, गेमने आपणहून ओळखून समोर मांडली. ठाम लिहायचे तरी न्याय सोडायचा नाही, म्हणून त्याने तेवढ्या एका सोयीचे मोकळ्या मनाने कौतुक केले. बाकी सगळी निंदाच. लेखाचे शीर्षक होते: 'गवताचे पातेही बदललेले नाही'. गुण पाच. आणि सासरेबुवांसाठी यंदा खास धार लावून: 'मोलिनो देल आर्रोयो यंदाही नाही. या कंपनीच्या नकाशात मोन्तेविदेओ कुठे संपते हे कोणी पाहिलेलेच नाही.'

गुरुवारी लेख छापून आला. नोर्माबाईंनी तो पहिल्या पानावरून ओळख देऊन छापला होता. वाचकांचे फोन आले. एवढ्या वर्षांत कोणीतरी खरे लिहिले, असे एक निवृत्त नोटरी म्हणाले. नोर्माबाई स्वतः उठून त्याच्या टेबलाशी आल्या, हे पाहायला इतर टेबलांवरच्या माना वर झाल्या.

दुपारी कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन आला. विल्मार भांडायच्या तयारीने बसला होता, पण माणूस फारच मवाळ निघाला.

"गवताचं वगैरे तुमचं मत झालं," तो म्हणाला. "आम्ही एवढंच विचारत होतो, मागच्या वर्षीची कारकीर्द आपोआप पुढे येते असं तुम्ही लिहिलंय. ते कुठं दिसलं तुम्हाला?"

"पडद्यावर. कुठं दिसणार?"

"नाही, म्हणजे आमच्याकडे तशी सोय नाहीये. आमचे इंजिनिअर सकाळपासून शोधतायत. पण छापलंच आहे तुम्ही, तर ते वाक्य जाहिरातीत घेतलं तर चालेल ना?"

विल्मारने फोन ठेवला. जाऊ दे, कंपनीच्या लोकांनाच स्वतःचा गेम माहीत नसतो, असे म्हणून तो दुसऱ्या कामाला लागला.

पण वस्तीत त्याहून विचित्र घडत होते. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने त्याला पाव दिला तो गालातल्या गालात हसत. "डोळे तपासून घ्या," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. क्लबाच्या दारात पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी विल्मार दिसताच बोलणे थांबवले. आणि सासरेबुवा दुपारचे यायचे बंद झाले. "पाठ धरलीय म्हणतात," मिर्ता म्हणाली, "पण काल छपरावर चढले होते."

रविवारी मात्र जाणे भाग होते. सासऱ्याच्या अंगणात जाळीवर मांस भाजत होते आणि लीबेर निखाऱ्यांकडे असे पाहत उभे होते की जणू ते आज पहिल्यांदाच पेटले आहेत.

"कात्रण लावलंत की नाही कँटीनमध्ये?" विल्मारने सहज विचारले.

"नाही लावलं."

"का?"

"भिंत ओली आहे."

"बाबा," मिर्ता म्हणाली, "भिंत कधीची ओली?"

लीबेरनी एक तुकडा उलटवला. मग तोच परत उलटवला. "जावईबापू, तुम्ही लिहिलंत मोलिनो नाही म्हणून. क्लबात लोक विचारतायत, तुमचा जावई आंधळा आहे का. मी म्हटलं, आंधळा नाही, घाईत असतो."

"म्हणजे? नाहीच आहे मोलिनो."

"आहे. यंदा आपण पहिल्या विभागात गेलो ना, म्हणून घेतलंय. हिरवी जर्सी, पिवळी बाही. बरोब्बर बाही."

"तुम्ही कुठं पाहिलंत? दुकानात तर अजून आलेलाच नाही."

निखाऱ्यात चरबीचा थेंब पडून चर्र झाले. लीबेरनी थर्मास एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

हळूहळू सगळे बाहेर आले. सोमवारी कुरिअर आले तेव्हा सासरेबुवांनी फक्त मोलिनो आहे का एवढेच बघायचे म्हणून नवी तबकडी लावली. मोलिनो होता. आता हे एकट्याने पाहून कसे चालेल, म्हणून तबकडी खिशात घालून ते क्लबात गेले. जावयाला पाकीट रिकामे दिसू नये म्हणून त्यात गेल्या वर्षीची ठेवली. ती पांढरी, हीही पांढरी. संध्याकाळच्या आत परतायचे होते, पण क्लबात प्रत्येकाला एकेक सामना खेळायचा होता.

"मंगळवारी नीट परत ठेवली मी जागच्या जागी," लीबेर म्हणाले. "मला काय माहीत तुम्ही एकाच संध्याकाळी निकाल लावता? मला वाटलं, अभ्यास वगैरे करत असाल."

विल्मार खुर्चीवर बसला. त्याने गेल्या वर्षीच्या गेमला, तो गेल्या वर्षीसारखाच आहे म्हणून, पहिल्या पानावरून झोडपले होते. उद्या नोर्माबाईंना सांगावे लागेल, आणि मग राशिभविष्य मोठे होईल.

"म्हणजे कारकीर्द ती तुमची," तो कसाबसा म्हणाला, "तिथंच होती."

"माझ्या चषकांचं पेपरात छान लिहिलंत पण," लीबेर म्हणाले.

जेवण टाकून विल्मार घरी गेला. मिर्ता आणि सासरेबुवा मागोमाग, मांसाची थाळी घेऊन. खरी तबकडी लावली. निदान चूक केवढी आहे ते मोजून घ्यावे, म्हणून विल्मारने स्वतःच्या लेखाचे पान मांडीवर पसरले आणि एकेक वाक्य तपासायला घेतले.

मैदान तेच होते. कॉर्नरजवळचा खरवडलेला तुकडा तोच. समालोचकाने पंचाच्या चष्म्याचा विनोद केला. लाल टोपीचा माणूस टाळ्या वाजवत होता.

"हा अजून घरी गेला नाही वाटतं," मिर्ता म्हणाली.

आघाडीचा तो खेळाडू अरबांकडे गेलेला होता. सुरुवातीचा निळा पडदा आता हिरवा होता. जुनी कारकीर्द अर्थातच नव्हती. आणि मोलिनो होता, संपूर्ण गेममधला सर्वांत कमी ताकदीचा संघ म्हणून. बचावाला शंभरपैकी एकतीस.

"एकतीस?" विल्मार म्हणाला.

"बचाव पाहिलाय का तू आपला?" लीबेर एकदम 'तू'वर आले. "अभ्यास केलाय या लोकांनी."

सोमवारी सकाळी विल्मारने नोर्माबाईंसमोर उभे राहून सगळे सांगितले, सासऱ्याच्या खिशासकट. नोर्माबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे लेख जुन्या गेमचा. आणि नव्याला लावला तर किती चुकतो?"

"खेळाडू गेलाय. मोलिनो आहे. आणि मी जे कौतुक केलं, ते खोटं आहे."

"आणि निंदा केलीस ती?"

"ती सगळी खरी आहे."

नोर्माबाईंनी लेखाचे पान पुढे ओढले. "कंपनीनं हरकत कशाला घेतलीय?"

"फक्त कौतुकाला."

"बस खाली," नोर्माबाई म्हणाल्या. "खुलासा लिही. काय घडलं ते जसंच्या तसं, सासरेबुवांसकट. आणि विशेषणं नकोत."

खुलासा लेखापेक्षा जास्त वाचला गेला. गेल्या वर्षीचा गेम पाहून लिहिलेले परीक्षण यंदाच्या गेमला तीन ठिकाणे सोडता लागू पडते, याहून कठोर परीक्षण कोणी लिहिले नव्हते, असे त्या निवृत्त नोटरींनी कळवले. माद्रिदचा विषय वरच्या मजल्यावर पुन्हा निघाला नाही. खुलाशाच्या शेवटी विल्मारने एक ओळ टाकली होती: 'मोलिनो देल आर्रोयो यंदा आहे. गुण पाचाऐवजी सहा.' तेवढी ओळ कापून कँटीनमध्ये लागली. भिंत तोवर वाळली होती.

लीबेर पुन्हा दुपारचे येऊ लागले. विल्मार एकदा लवकर घरी आला तेव्हा ते मोलिनो घेऊन खेळत होते आणि सहा गोलांनी हरत होते. चेहरा मात्र समाधानी.

"खऱ्या मैदानावर काय चाललंय आपलं?" विल्मारने विचारले.

"शेवटून पहिले." त्यांनी यर्बाचा पेला जावयापुढे केला. "डिसेंबरात दुसऱ्या विभागात घसरलो, तर पुढच्या गेममधून काढतील ना रे आपल्याला?"

"काढतील बहुतेक."

पडद्यावर मोलिनोने सातवा गोल खाल्ला. लीबेरनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"तुझं ऐकतात ते लोक," मग ते म्हणाले. "तर पुढच्या वर्षी जरा त्यांची बाजू घेऊन लिही. म्हणावं, आहे ते उत्तम आहे. गवताचं पातंसुद्धा बदलू नका."