स्वस्तातली रायफल, महागातली दुर्बीण

"दाजी, हितं रायफलीचं दुकान कुठल्या गल्लीत हाय?"

प्रतापरावांनी हे कोथिंबीर कुठे मिळते असं विचारावं इतक्या सहज विचारलं. शामकांतचा पोह्यांचा चमचा तोंडाजवळच थांबला. मग तो उठला, बाल्कनीचं दार लावलं, खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला आणि परत येऊन अगदी हळू म्हणाला, "प्रतापराव, तो शब्द या देशात उच्चारू नका."

"कुठला? रायफल?"

"अहो हळू!"

शामकांत तसा भित्रा माणूस नव्हता. बोटीवर इंजिनिअर असताना त्याने इंजिनरूममध्ये आग विझवली होती, बिस्केच्या उपसागरात वादळं काढली होती. पण किनाऱ्याची नोकरी घेऊन सिंगापूरच्या ईस्ट कोस्टवरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून समुद्रात कधी वाटली नाही ती भीती त्याला वाटू लागली होती. त्याचा पीआरचा, म्हणजे इथल्या कायम वास्तव्याचा अर्ज सरकारदरबारी पडून होता. कुठेतरी कोणीतरी आपल्या नावावर लाल रेघ मारेल या धास्तीने तो ओसाड रस्त्यावरसुद्धा हिरवा माणूस दिसेपर्यंत सिग्नलला उभा राहायचा. आणि बंदुकीच्या बाबतीत तर इथला कायदा थेट फाशीपर्यंत जातो, हे त्याला पाठ होतं.

प्रतापराव हे त्याच्या बायकोचे, सुमित्राचे थोरले भाऊ. कोल्हापूरजवळ त्यांचा ऊस होता आणि त्या उसाला रानडुकरांचा त्रास होता. डुकरं हाकायला त्यांच्याकडे परवान्याची एक जुनी रायफल होती. पण गेलं वर्षभर तिच्यातून एक गोळी धड लागली नव्हती. शेजारचे हेमचंद्र पाटील मात्र परदेशी रायफल आणि तिच्यावर बसवलेली दुर्बीण घेऊन मिरवत होते.

"माझी रायफल स्वस्तातली, दाजी. डावीकडं ओढती," प्रतापराव म्हणाले. त्यांनी खिशातून मासिकाचं एक कात्रण काढून टेबलावर पसरलं. त्यावर एक महागडी रायफल होती, एक साधी होती आणि दोघींच्या मध्ये लांबलचक दुर्बीण. "आता दोन रस्ते हायत. एक तर रायफलच भारीतली घ्यायची. न्हाईतर रायफल ऱ्हाऊ द्यायची स्वस्तातली, आन् दुर्बीण घ्यायची भारी. पाटलाचं पोरगं म्हणतंय, सगळी करामत दुर्बिणीची असती. सिंगापुरात सगळं मिळतंय म्हणत्यात. म्हटलं, दोन्ही बघून ठरवू."

"मामा, कॅनॉट लाह!" शामकांतची दहा वर्षांची मुलगी तन्वी इथल्या ढंगात म्हणाली. "इथे गन घेतली तर हँग करतात."

"कुणाला?"

"एव्हरीबडी."

शामकांतने पोहे तसेच ठेवले.

मेहुण्याला घरात कोंडून ठेवता येत नाही. सुमित्राने दादाला बजावलं, "दादा, फक्त कॅमेरे, घड्याळं, परफ्यूम. बाकी काही विचारायचं नाही." प्रतापरावांनी मान हलवली आणि पहिल्याच दुकानात काउंटरवर दोन्ही हात टेकून खणखणीत आवाजात विचारलं, "रायफल हाय? हंटिंग रायफल? चीप अँड बेस्ट?"

दुकानदाराने मान वर केली.

"रॅफल," शामकांत घाईघाईने म्हणाला. "रॅफल! लकी ड्रॉ! माझे मेहुणे विचारतायत, रॅफल आहे का?"

"ओ, रॅफल! गॉट, गॉट," दुकानदार खूश झाला. "यू बाय समथिंग, आय गिव्ह कूपन."

कूपनसाठी शामकांतने गरज नसताना एक इस्त्री विकत घेतली. पुढच्या दुकानात टोस्टर घेतला. तिसऱ्या दुकानात प्रतापरावांनी शब्दाऐवजी अभिनयच केला. एक डोळा मिटला, डावा हात लांब केला आणि काउंटरमागच्या बाईवर नेम धरला. बाई किंचाळायच्या आत शामकांतने त्यांचा तो लांब केलेला हात पकडून जोरजोरात हलवला आणि "बॉलिवूड, बॉलिवूड," असं म्हणत त्यांना बाहेर ओढलं.

"दाजी, ही माणसं आपल्याला इस्त्र्याच का विकत्यात?" प्रतापरावांनी रस्त्यावर विचारलं.

संध्याकाळी सगळे ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरवर खायला गेले. समुद्राचा वारा होता, लोक सायकली फिरवत होते, आणि शामकांतला वाटलं, संपला दिवस. नेमकी तिथेच प्रतापरावांनी साताय, म्हणजे काडीला टोचून भाजलेलं मटण, खाल्ल्यानंतरची रिकामी काडी उचलली, टेबलावर आडवी धरली, तिच्यावर चमचा ठेवला आणि रायफलीवर दुर्बीण कशी बसते ते तन्वीला समजावू लागले. "ही रायफल. ही तिची स्कोप. रायफल चीप, स्कोप कॉस्टली. तीनशे मीटरवरनं फटाक!"

शेजारच्या टेबलावरचा बारीक केस कापलेला, रुंद खांद्यांचा एक चिनी माणूस खायचा थांबला. त्याने आपली खुर्ची वळवली.

"युवर ब्रदर लुकिंग फॉर रायफल, इज इट?"

"रॅफल," शामकांत म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "लकी ड्रॉ."

"थ्री हंड्रेड मीटर लकी ड्रॉ?"

आपल्याला अखेर जाणकार भेटला हे ओळखून प्रतापरावांनी कात्रण काढलं आणि त्या माणसापुढे ठेवलं. माणसाने ते बराच वेळ पाहिलं. मग पाकिटातून कार्ड काढलं, मागे काहीतरी लिहिलं आणि शामकांतला दिलं. "टुमॉरो मॉर्निंग टेन, यू ब्रिंग हिम हिअर. कॅन?" तो आणखी काही सांगणार होता, पण त्याच्या कमरेचा पेजर वाजला. पेजर बघून तो तडक उठला आणि गाडीकडे चालता झाला.

कार्डावर लिहिलं होतं: लिम काह सेंग, इन्स्पेक्टर ऑफ पोलीस.

घरी आल्यावर शामकांतने सगळ्यात आधी ते कात्रण फाडून संडासात टाकलं आणि पाणी सोडलं. महागडी रायफल गेली. स्वस्तातली मात्र वर तरंगत राहिली. पुन्हा पाणी सोडलं, तरी ती गोल फिरून परत वर आली. दाराबाहेरून सुमित्रा विचारत होती, "अहो, काय चाललंय? पोट बिघडलं का?"

"हो!" तो आतून ओरडला, आणि ते खोटं नव्हतं.

प्रतापराव दिवाणखान्यात शांतपणे इस्त्री न्याहाळत बसले होते. "चांगला गडी वाटला की ओ. कशाला घाबरताय?"

"दादा, तो पोलीस होता!" सुमित्रा म्हणाली. "उद्या काय विचारलं तर सांग, मी पक्षी बघायला आलोय. फक्त पक्षी."

"पक्षी मारायला रायफल कोण वापरतंय? छर्रे लागत्यात."

सुमित्राने कपाळावर हात मारून घेतला. तन्वीने वेताच्या फटक्यांची शिक्षा कशी असते ते शाळेत ऐकलं होतं तेवढं सगळं सांगितलं. "बट डॅडी, फिफ्टीच्या वर असले तर केन नाही करत. मामा सेफ आहे." मग तिने बाबांकडे पाहिलं. "यू नॉट."

सकाळी शामकांतने आंघोळ केली, देवासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला आणि नवीन बनियन घातलं. सुमित्राने त्याच्या पिशवीत टूथब्रश आणि एक टॉवेल ठेवला. न जावं, तर तो इन्स्पेक्टर घरी येईल, ही भीती जास्त मोठी होती.

कार्डामागचा पत्ता टॅक्सीवाल्याला बरोबर ठाऊक होता. शहर मागे पडलं, झाडी दाट झाली. दोघं फाटकाजवळ उतरले आणि आतून आवाज आला: ठो! मग पुन्हा: ठो!

शामकांत फाटकाच्या खांबाला धरून उभा राहिला. "प्रतापराव," तो म्हणाला, "माझं काही बरंवाईट झालं तर सुमित्राला आणि तन्वीला कोल्हापूरला घेऊन जा."

"अहो, हा तर रायफलीचा आवाज!" प्रतापराव आनंदाने म्हणाले आणि आत शिरले.

आत इन्स्पेक्टर लिम अर्ध्या चड्डीत, कानावर भलेमोठे इअरमफ लावून उभे होते. तो नेमबाजीचा क्लब होता. रविवारी ते तिथे सरावाला येत. "सॉरी, यस्टरडे पेजर," ते हसून म्हणाले. "युवर ब्रदर आस्किंग व्हेरी गुड क्वेश्चन. आमच्या क्लबात या प्रश्नावरून रोज भांडणं. चीप रायफल ऑर चीप स्कोप!"

शामकांतला हे समजायला वेळ लागला. समजल्यावर तो जवळच्या बाकावर बसला आणि पिशवीतला टॉवेल काढून त्याने तोंड पुसलं.

लिमसाहेबांनी टेबलावर दोन रायफली ठेवल्या होत्या. एक साधी, एक भारीतली. दोन्ही रिकाम्या, दोन्ही लोखंडी घोडीला आवळून बांधलेल्या. "नो टचिंग, नो शूटिंग. ओन्ली लुक," ते म्हणाले. "आधी चीप स्कोपमधून. टारगेटवर कुठला नंबर?"

प्रतापराव वाकले. एक डोळा मिटला. बराच वेळ गेला.

"धुकं हाय," ते म्हणाले.

बाहेर लख्ख ऊन होतं. लिमसाहेबांनी त्यांना महागड्या दुर्बिणीपाशी नेलं.

"हितंबी धुकंच हाय. पण भारीतलं धुकं हाय. फरक कळतोय, दाजी."

शामकांतने भाषांतर केलं. लिमसाहेबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी स्वतः पाहिलं, मग दुर्बिणीच्या मागची नजर जुळवायची कडी पार शेवटपर्यंत फिरवली आणि पुन्हा बघायला सांगितलं.

"आई शप्पथ!" प्रतापराव ओरडले. "सात नंबर! कडंला माशी बसलेलीबी दिसती!"

मग लिमसाहेबांनी स्वस्तातल्या दुर्बिणीचीही कडी तशीच फिरवली. तिच्यातही सात. माशीसुद्धा तिथेच. ते सरळ उभे राहिले आणि समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "अंकल, विदाउट स्कोप. त्या भिंतीवर काय लिहिलंय?"

शामकांतने विचारलं. प्रतापरावांनी डोळे बारीक केले.

"कुठली भिंत?"

भिंत बसएवढी होती आणि तिच्यावरची अक्षरं माणसाच्या उंचीची.

"ही कडी मी फक्त माझ्या मेहुण्यासाठी इतकी फिरवतो," लिमसाहेब हळूच म्हणाले. "त्याचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा आहे. रायफल नो प्रॉब्लेम. स्कोप नो प्रॉब्लेम. आय प्रॉब्लेम, लाह."

हे भाषांतर शामकांतने फार जपून केलं. प्रतापरावांनी मिशीवर बोट फिरवलं.

"म्हंजे ती डावीकडं ओढत न्हवती?"

"वर्षभरात गोळी कशाकशाला लागली?" लिमसाहेबांनी शामकांतकरवी विचारलं.

"पाटलाच्या मोटारपंपाला. पाण्याच्या टाकीला. आन् एकदा..." प्रतापरावांचा आवाज पडला. "एकदा डुक्कर पडलं म्हणून बघायला गेलो, तर पाटलाची फटफटी होती."

आता मात्र प्रतापराव बाकावर शामकांतच्या शेजारी येऊन बसले. त्या फटफटीवरून पाटील घटकाभर आधीच उतरले होते, हे त्यांना वर्षभर विशेष वाटलं नव्हतं. आज त्यांनी मनातल्या मनात पाटलांना हात जोडले. शामकांतने टॉवेल पुढे केला. त्यांनी तो घेऊन तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी पाया लेबार भागातल्या चष्म्याच्या एका दुकानात प्रतापरावांचे डोळे तपासले गेले. चष्मा करताना मात्र ते पूर्वपदावर आले. "काच भारीतली घाला," त्यांनी बजावलं, "फ्रेम स्वस्तातली." चष्मा लावून त्यांनी आधी शामकांतकडे निरखून बघितलं. "दाजी, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात ओ?"

"शनिवारपासून," शामकांत म्हणाला.

बाहेर पडल्यावर प्रतापराव पावलापावलाला थांबू लागले. त्यांना पाट्या दिसायला लागल्या होत्या. एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या दारात त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सिगारेट ओढली तर दंड. खाल्लं, प्यायलं तर दंड. ड्युरियनचं वासाचं काटेरी फळ आत न्यायचं नाही. दर पाटीगणिक त्यांचा आवाज उतरत गेला. त्यांनी तोंडातली सुपारी गिळून टाकली. शनिवारपासून आपण कुठे कुठे काय काय केलं, हे ते आठवू लागले असावेत, कारण त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

शामकांतला मात्र कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं. पोलीस इन्स्पेक्टरबरोबर त्याने काल क्लबात चहा घेतला होता. सिंगापुरात आल्यापासून पहिल्यांदाच तो रस्त्याने शीळ घालत चालला होता.

घराच्या वाटेवर एक सरकारी कुंपण होतं. त्यावर लाल पाटी: एक शिपाई रायफल रोखून उभा, आणि त्याच्यासमोर हात वर केलेला माणूस. प्रतापराव तिथे थबकले. ही रायफल स्वस्तातली की भारीतली, असं ते विचारणार, या अपेक्षेने शामकांतही थांबला.

प्रतापरावांनी इकडेतिकडे बघितलं. खिशातले दोन्ही हात सावकाश बाहेर काढले आणि शामकांतच्या कानाशी येऊन पुटपुटले,

"दाजी, हितनं हात वर करून चालायचं असतं का ओ?"