शांत कक्षाचे उद्घाटन

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. तुम्ही तो न वाचता फेकून देता. छापण्याआधी तो वाचणे ही माझी नोकरी आहे.

माझ्या डोक्यावर कार्यालयाचा कर्णा, पाठीशी छपाईचे यंत्र आणि शेजारी फोनवर नणंदेशी भांडणाऱ्या हिशेबनीसबाई. मी स्वमग्न असल्याने मला हे तिन्ही एकदम आणि सारख्याच मोठ्याने ऐकू येतात. या कालव्यात परवा लहान मुलांच्या औषधाची चुकीची मात्रा माझ्या नजरेतून निसटली. छापखान्यात कुणीतरी ती पकडली म्हणून निभावले.

साहेब म्हणाले, "पुन्हा असं झालं तर घरी बसावं लागेल."

"चालेल. उद्यापासून?" मी खूश होऊन विचारले. माझे घर अगदी शांत आहे.

संध्याकाळी ताईने कपाळावर हात मारला. "अगं खुळे, काढून टाकतील म्हणाले ते! तोंड उघड, एखादा कोपरा तरी मागून घे."

म्हणून मी कोपरा मागितला. कर्मचारी-कल्याण अधिकारी बाईंनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. "कोपरा कसला? तुम्हाला अख्खा शांत कक्ष देऊ!"

कक्षाचे उद्घाटन कर्ण्यावरून जाहीर झाले. फुगे फुटले, टाळ्या झाल्या, पाच भाषणे झाली. मग साहेबांनी माईक माझ्यापुढे धरला. "कसं वाटतंय? अगदी मनमोकळं सांगा हं."

मी सूचना पाळते. "माईक शिट्ट्या मारतोय, भाषणं लांबली. तुम्ही सगळे गेलात की खोली छान आहे."

त्या कक्षात शांतता पसरली ती तेवढीच.

झाल्या प्रकारावर समिती बसली. माझ्याशी कसे वागावे याचे सहकाऱ्यांना ज्ञान नाही, असे तिचे मत पडले. त्यामुळे रोज दुपारी सर्वांना सक्तीचा जागृती वर्ग सुरू झाला आणि जागा म्हणून शांत कक्ष मुक्रर झाला.

"मीही येऊ?" मी विचारले.

"छे छे! तुमच्याबद्दल तुमच्यासमोर बोलणं बरं दिसत नाही," अधिकारी बाई म्हणाल्या.

मी आपली जुन्याच टेबलाशी बसले. कर्णा गप्प होता, कारण तो वाजवणारा वर्गात. यंत्र बंद, नणंद सुरक्षित. पंख्याखाली कागद हलत होते तेवढेच. मी एकेक ओळ दोनदा वाचली, एका खोकल्याच्या औषधातली घोडचूक पकडली आणि आनंदाने मला चक्क रडू आले. अशा दुपारी मला नोकरीत कधी मिळाल्या नव्हत्या. माझ्याविषयीची जागृती अशीच जन्मभर चालो, असे मी मनापासून इच्छिले.

तिथेच माशी शिंकली. महिनाअखेरीस माझी एकही चूक निघाली नाही. साहेबांनी सर्वांसमोर माझे अभिनंदन केले. "पाहिलंत? जागृतीचा परिणाम! बाई पूर्ण बऱ्या झाल्या!"

"मी बरी नाही झाले हो. तुम्ही सगळे आत होता म्हणून..." मी म्हणाले.

"विनयसुद्धा शिकल्या!" साहेब गहिवरले.

बऱ्या झालेल्या बाईसाठी वर्ग कशाला? तो बंद झाला. शांत कक्षात आता मोडक्या खुर्च्या ठेवतात.

हे लिहिताना कर्णा सुरू आहे, यंत्र सुरू आहे, नणंदेने पुन्हा काहीतरी केले आहे. माझ्यासमोर तान्ह्या बाळांच्या तापाच्या औषधाचा कागद आहे. मात्रेची ओळ मी पाच वेळा वाचली, पाचही वेळा ती वेगळी दिसली.

तेव्हा यापुढे खोक्यातला तो कागद फेकू नका. तुम्हीच नीट वाचत जा. तपासणारी बाई बरी झाली आहे.