भिंतीनं भरलेला चुडा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही घरातलेच आहेत. नववीत शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. केमो संपल्यावर माझ्या हातापायांतली जाणीव आमच्या घरात राहायला गेली, हातांची भिंतींत आणि पायांची फरशीत, त्याची ही हकिकत आहे.

आम्ही विट्याचे कासार. वडील गेल्यापासून दुकान मीच बघायचो. बायकांच्या तोंडाकडे बघून मला बोलता येत नाही, पण समोरचा हात हातात आला की त्यातलं हाड कुठं वळतं, मांस कुठं नरम आहे, हे माझ्या बोटांना कळायचं आणि बांगडी सरकून जायची. मग मानेत गाठ निघाली. मिरजेला डोस झाले. गाठ गेली, केस परत आले. पण आधी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, मग तळपायांना, आणि नंतर मुंग्याही गेल्या. चप्पल रस्त्यात राहायची आणि घरी आल्यावर कळायचं की एकच पाय चपलेत आहे. शर्टाची बटणं आई लावायची. दुकानात बांगडी उचलली की वाढायची. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. इतक्या वाढायला लागल्या की मी दुकान बंद केलं.

जाणीव कुठं गेली ते आईला आधी कळलं. तिनं गॅसवरचा तापलेला तवा खाली फरशीवर ठेवला. मी तेव्हा बाहेर कट्ट्यावर बसलो होतो. सगळं घर एकदम आकसलं, मांडणीवरची भांडी वाजली आणि दार आपोआप ओढून घेतल्यासारखं मिटलं. मी आत गेलो तर आई खाली बसून फरशीवर फुंकर घालत होती. तवा होता तिथं फरशीला फोड आला होता, आत पाणी धरलेला.

"चटका बसला बघ तुला," आई म्हणाली.

"मला नाही बसला," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी. तुझा चटका हितं बसलाय."

तिनं फोडाला मलम लावलं. फरशी हळूहळू सैल झाली आणि दार उघडलं.

त्यानंतर आम्ही जपून वागायला लागलो. गार पाण्यानं फरशी पुसली की ती बोटं मुडपावीत तशी कडेनं वर यायची, म्हणून आई पाणी कोमट करायची. माझ्या हाताला पाणी कळत नसल्यामुळं मी कोपर बुडवून बघायचो आणि मग तिला सांगायचो. माझी धाकटी बहीण सुलक्षणा भिंतीला टेकून बसली की भिंत तिच्या पाठीमागं थोडी खोलगट व्हायची. सुलीला ते आवडायचं. मला मात्र तिकडं बघवायचं नाही. मी स्वतः भिंतीला हात लावला तर माझ्या हाताला काहीच कळायचं नाही, पण भिंत दचकायची.

आमचे डॉक्टर शिकलगार घरी आले. त्यांनी आधी मला तपासलं. डोळे मिटायला लावून कापूस फिरवला, टाचणी टोचली. मला काहीच सांगता आलं नाही. मग ते उठून भिंतीकडं गेले.

"पेशंट कोण धरायचा, हा का भिंत?" त्यांनी विचारलं.

"दोघं एकाच घरातले आहेत," आई म्हणाली.

"बरं."

त्यांनी भिंतीवर कापूस फिरवला तर तिच्यावर काटा उभा राहिला, चुन्याचे बारीक बारीक कण. त्यांच्याकडं चिमट्यासारखं एक लोखंड असतं, ते गुडघ्यावर आपटलं की थरथरतं. ते त्यांनी भिंतीला टेकवलं. थरथर सगळ्या घरात गेली आणि माळ्यावरच्या खोक्यांतल्या सगळ्या बांगड्या एकदम किणकिणल्या. डॉक्टर लोखंड पिशवीत ठेवेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

"जाणीव अगदी उत्तम आहे," ते म्हणाले. "नसा सावकाश वाढतात. ती परत येऊ शकते. पण ती दोन ठिकाणी राहत नाही. तिथं तिला काम देऊ नका. रिकामी बसून कंटाळली की येईल. एकदा तिनं तिथं तुमचा धंदा सुरू केला, की मग ती तिथलीच झाली. मग माझ्याकडं औषध नाही."

"म्हणजे काय काय करायचं नाही?" आईनं विचारलं.

"बांगडी भरू द्यायची नाही."

आम्हाला हसू आलं. भिंत कशाला बांगडी भरेल?

सुली तेव्हा घरात नव्हती. तिचं लग्न ठरलं होतं आणि ती तिच्या साड्यांच्या खरेदीला गेली होती.

आमच्या घरात मुलीचा लग्नाचा हिरवा चुडा घरातला पुरुष भरतो, आणि एक नियम आहे. ज्या हातानं चुडा सुरू केला त्याच हातानं तो पुरा करायचा. मध्ये हात बदलला तर तो चुडा धरत नाहीत, आणि अर्ध्या चुड्यानं मुलगी मांडवात उभी राहत नाही. म्हणून आईनं कऱ्हाडहून यशवंतमामांना बोलावलं होतं. मामांचा हात नावाजलेला आहे. पण सुली ऐकेना.

"दादाच भरणार. नाहीतर मी जत्रेतल्या प्लॅस्टिकच्या घालून उभी राहीन."

"आणि सासू काय म्हणंल?" मामा म्हणाले.

"म्हणंल, सून टिकाऊ आहे."

मी नको म्हणायला हवं होतं. पण त्या आठवड्यात माझ्या उजव्या करंगळीच्या टोकाला मुंग्या यायला लागल्या होत्या. अगदी थोड्या, दोन-चारच मुंग्या असाव्यात तशा. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, हे चांगलं आहे, ही परतीची खूण आहे. त्या मुंग्यांच्या जोरावर मी पाटावर बसलो.

पहिली बांगडी डोळ्यांनी बघत बघत चढवली. ती गेली. दुसरी अंगठ्याच्या हाडापाशी अडली. ती किती अडली आहे हे मला कळेना. मी दाबलं. सुलीनं श्वास आत ओढला, आणि बांगडी वाढली. तिच्या हातावर रक्ताची बारीक रेघ उमटली. काच माझ्याही बोटात शिरली होती, पण ते मामांनी दाखवल्यावर कळलं.

सुलीच्या मनगटात एकच बांगडी होती.

"आता मी भरू शकत नाही," मामा म्हणाले. "हात बदलेल. मी आधीच म्हणालो होतो."

"चूक माझी आहे, त्याला बोलू नका," सुली म्हणाली. मग ती रडायला लागली, आवाज न करता, एक हात तसाच पुढं धरून.

मी मामांना विचारलं, "हात तोच पाहिजे, एवढंच ना?"

"तोच पाहिजे."

"तो हात आता भिंतीत आहे."

मामा उठले. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि घोडा घेताना बघतात तसा सावकाश फिरवला. कोनाड्याच्या खाली एका जागी ते थांबले.

"हा घट्टा कशाचा?"

"बांगडी फिरवताना अंगठ्याच्या बाजूला पडतो तो," मी म्हणालो.

मामांनी भिंत दाबली. भिंतीनं त्यांचा हात उलटा दाबला. मामांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्यांनी हात धोतराला पुसला.

"हा दाजींनी शिकवलेला हात आहे," ते आईला म्हणाले. दाजी म्हणजे माझे वडील. "दाबायची पद्धत त्यांचीच आहे. चालेल."

"सिदू," आई म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले होते?"

"माझ्या ध्यानात आहे."

"काय म्हणाले होते?" सुलीनं विचारलं.

"वारं लागू देऊ नका म्हणाले," मी म्हणालो. आई माझ्याकडं बघत राहिली, मग तिनं डोळे पुसून दार लावून घेतलं.

मी बांगड्यांचा तोडा कोनाड्यात ठेवला. सुलीनं तिथं हात घातला, कोपरापर्यंत. कोनाड्याची कड तिच्या दंडाभोवती सावकाश मिटली, डोळा मिटतो तशी.

"कसं वाटतंय?" मामांनी विचारलं.

"बोटं आहेत आत," ती म्हणाली. "उबदार आहेत."

"किती आहेत?"

"मामा, मोजायला नका सांगू."

मग आतून काचेचा आवाज यायला लागला. एक बांगडी, मग दुसरी, न थांबता. सुलीचं रडणं थांबलं. तिनं डोळे मिटले. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, अगदी तूच आहेस. तू हाड दाबायच्या आधी थांबतोस ना, तसाच थांबतोय."

मी माझ्या करंगळीकडं बघत होतो. मुंग्या एकेक करून जात होत्या. शेवटची बराच वेळ टोकावर थांबली. मग तीही गेली.

आवाज थांबला तरी कोनाडा उघडेना. सुली हसून म्हणाली, "सोड की आता." कोनाडा आणखी मिटला. तिचं हसू गेलं. मामा तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायला लागले.

आई पुढं झाली आणि तिनं भिंतीवरून हात फिरवला. "सोड बाळा. तिचा दुसरा हात भरायचाय अजून."

तेव्हा सोडला. मनगटापासून वर सगळ्या हिरव्या बांगड्या बसल्या होत्या, एकही वाढली नव्हती, आणि काचेनं कापलेली रेघ पुसून स्वच्छ झाली होती. दुसरा हातही भरून झाला. त्यालाही भिंतीनं धरून ठेवलं. या वेळी कुणी सोड म्हणालं नाही. सुली लग्न होऊन जाणार हे भिंतीलाही कळलं असणार. आम्ही सगळे उभे राहिलो आणि भिंतीनं आपणहून सोडेपर्यंत वाट बघितली.

"चुडा पुरा," मामा म्हणाले, आणि सुलीनं चालीप्रमाणं आधी भिंतीला नमस्कार केला, मग मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपवाला दिव्यांच्या माळा लावायला येणार होता. तो हातोडी घेऊन येतो, आणि या भिंतींत आता नवा-जुना एकही खिळा नको होता. म्हणून मी लवकर उठलो, पायांना काही लागलं आहे का ते आरशात बघून घेतलं, चप्पल घातली आणि घरातले सगळे खिळे काढायला घेतले. कॅलेंडरचा, आरशाचा, वडिलांच्या फोटोचा. पक्कड हातात धरली आहे की नाही हे मला डोळ्यांनी बघावं लागत होतं. प्रत्येक खिळा निघताना भिंत ताठ व्हायची आणि नंतर मोठा श्वास सोडायची. भोकांत मी हळद भरली. वडिलांचा फोटो खाटेवर उशीला टेकवून ठेवला.

"आणि तोरण कुठं बांधायचं?" आईनं विचारलं.

"मी धरून उभा राहतो."

एक खिळा निघाला नाही. तो दाराच्या वर खोल गेलेला होता, गंजून काळा झालेला, आणि तो कुणी ठोकला हे आईलाही माहीत नव्हतं. मी स्टुलावर चढून त्याच्या बाजूला तळहात ठेवला. माझ्या हाताला काही कळलं नाही. भिंतीला माझा हात गार लागला असावा, कारण ती थोडी मागं सरकली. मग परत जवळ आली.